ओखल्याची भरती

सेक्टर ३४, नोएडा
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

प्रिय बाळदादा,

आपल्या रत्नागिरीच्या मांडवी धक्क्यावरची ती दुपार तुला आठवते का? नसेलच आठवत, कारण त्या दुपारी काही घडलंच नव्हतं. कॉन्व्हेंट सुटल्यावर मी निळ्या पिनाफोरमध्ये, रिबिनींसकट, तशीच तुझ्यामागून आले होते. हातात कोळंबीचा डबा. तोच पत्र्याचा बिस्किटांचा डबा, ज्याच्या झाकणावरची राणी घासून घासून नाहीशी झाली होती आणि नुसता मुकुट उरला होता. भरतीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढत होतं. आजूबाजूचे सगळे गळ टाकून बसले होते, शेजारच्याने तर शेंगाळाही वर काढला, आणि तू दोरी हातात धरून नुसता उभा. का, तर मुरलीधर आला नव्हता. त्याला मास्तरांनी शाळेत थांबवून ठेवलं होतं. जोडीदार आल्याशिवाय पहिला गळ टाकायचा नाही, हा तुम्हा दोघांचा नियम. कोणी केला, कधी केला, देव जाणे. पाणी चढलं, थांबलं, उतरायला लागलं, तेव्हा कुठे तो धापा टाकत आला. तुम्ही दोघांनी एकदम गळ टाकलेत आणि अर्थातच काही मिळालं नाही. मी मात्र उन्हात डबा धरून ताटकळले, आणि दुसऱ्या दिवशी सिस्टर ॲग्नेसनी माझे हात हुंगून मला व्हरांड्यात लिंबू चोळत उभं केलं. तुम्ही दोघं घरी येताना इतके खुशीत होतात, की मला वाटलं मलाच दिसला नाही असा काही मासा तुमच्या पिशवीत आहे.

पुढे त्या धापा टाकणाऱ्या मुलाशीच माझं लग्न लागलं, म्हणजे ताटकळणं काही सुटलं नाही. सिस्टर म्हणायच्या, संयम हा सगळ्यात मोठा सद्गुण. त्यांना बोलायला काय जातं, त्यांना काही गळाने मासे धरणाऱ्या माणसाबरोबर संसार करायचा नव्हता. पत्र कसं लिहावं हेही त्यांनीच शिकवलं: आधी क्षेमकुशल, मग हवापाणी, मग मुद्दा. मी मुद्दा अगदी शेवटी ठेवणार आहे. आधी लिहिला तर तू चष्मा काढून ठेवशील आणि अरुणावहिनीला म्हणशील, भानूचं पत्र आहे, तूच वाच. एवढं मात्र आत्ताच सांगते, की तुझा आणि ह्यांचा जो अबोला चालला आहे त्याचा मला मनस्वी वीट आला आहे. दोन माणसं साठी उलटल्यावर भांडतात, तर निदान जमिनीवरून तरी भांडावं. लोकांना सांगायला बरं. तुम्ही कशावरून भांडलात? तर गोड्या पाण्यात गळ टाकणं ही मासेमारी आहे की नाही यावरून. क्षिप्राच्या सासूबाईंनी एकदा विचारलं, तुमचे भाऊ हल्ली येत नाहीत ते. मी प्रकृतीचं कारण सांगितलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी आमच्या घराण्यातली मुलगी सून म्हणून आणल्याचा पश्चात्ताप केला असता.

आता तुझी बाजू मला ठाऊक आहे, तू ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने मांडली होतीस. ह्यांची बाजू मात्र तू कधी ऐकून घेतली नाहीस, म्हणून ती मी लिहिते. हे निवृत्त झाले आणि आम्ही आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून इथे आलो, तेव्हा या सेक्टरमध्ये अर्धी घरं रिकामी होती. समोर सगळं क्रेन आणि विटा. आता चहूकडे मोबाइलवाले आणि कॉम्प्युटरवाले राहायला आले आहेत, गेटबाहेर पिझ्झासुद्धा मिळतो, पण तेव्हा संध्याकाळी वीज गेली की नुसते कोल्हे ऐकू यायचे. आयुष्यभर फायलींवर मान घातलेला माणूस, दिवसभर खिडकीत उभा. तिसऱ्या मजल्यावरचे सान्यालबाबू एक दिवस आले आणि ह्यांना यमुनेच्या बंधाऱ्यावर, ओखल्याच्या बॅराजवर घेऊन गेले. मी देवाला दिवा लावला. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलं आहे ते.

पहिलं सबंध वर्ष ह्यांना काही म्हणजे काही मिळालं नाही. कारण हे तिथे मांडवीसारखे गळ टाकत होते. जाड दोरी, मूठभर शिसं, हात मागे नेऊन लांब फेकायचं, आणि दोरीला जरा झटका बसला की सर्व ताकदीने ओढायचं. सान्यालबाबू कपाळाला हात लावत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गोड्या पाण्यातला मासा असा नसतोच. समुद्रातल्या माशाला लाटेबरोबर आलेला घास लगेच गिळावा लागतो, नाहीतर दुसरा गिळतो. तलावातल्या, नदीतल्या माशाला कसलीच घाई नाही. त्याला आधी आठवडाभर एकाच जागी चारा टाकून सवय लावायची. भाजलेली मेथी, सत्तू, पेंड, थोडा मध, हे सगळं माझ्या परातीत कालवायचं. गळ नखाएवढा, दोरी केसासारखी, पाण्यावर एक बूच तरंगत ठेवायचं आणि आपली सावलीही पाण्यावर पडू द्यायची नाही. रोहू येतो, पिठाची गोळी तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो. बूच नुसतं थरथरतं. तेव्हा ओढलं की गेला. हे म्हणायचे, भानू, इथला मासा अगदी आमच्या अंडर सेक्रेटरीसारखा आहे; फाइल चाखतो, हातात धरतो, आणि शेरा न मारता खाली ठेवतो. मग हळूहळू ह्यांना ते जमलं. कधी बूच बुडू द्यायचं, कधी नाही, मासा लागल्यावर ओढायचं नाही तर त्याला पळू द्यायचं, दमू द्यायचं. ज्या दिवशी पहिला रोहू घरी आला त्या दिवशी ह्यांनी तो वर्तमानपत्रावर ठेवून सगळ्या मजल्यांवर दाखवून आणला. शाकाहारी जैन शेजाऱ्यांनासुद्धा.

आणि नेमका त्याच हिवाळ्यात तू आलास. ह्यांनी तुला मोठ्या हौसेने ओखल्याला नेलं. घडीची खुर्ची तुला दिली, स्वतः दगडावर बसले. तू काय केलंस? तू वाऱ्याला बोट दाखवलंस, पाण्याला नाक मुरडलंस, भरती कधी येते म्हणून सान्यालबाबूंना हिंदीत विचारलंस, आणि रात्री माझ्या हातचं रोहूचं कालवण खाताना एकेक काटा ताटाच्या कडेला असा मांडत गेलास जसा वकील पुरावे मांडतो. ते कालवण करायला मी कोपर्निकस मार्गावरच्या सदनात महाराष्ट्रातून उतरलेल्या कुणाकडून तरी आमसुलं मिळवली होती, तिरफळं जपून ठेवली होती, माशाला चिखलाचा वास राहू नये म्हणून हळद-लिंबू लावून तासभर ठेवलं होतं. त्याबद्दल एक शब्द नाही. वर काय म्हणालास? "मुरल्या, ही मासेमारी नव्हे रे, ही पेन्शन आहे."

तुला ते विनोदाने म्हणायचं होतं हे मला कळलं. ह्यांना नाही कळलं. नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला तो शब्द कुठे लागतो हे तुला कसं कळावं, तू कधी कोणाची नोकरी केली नाहीस. ह्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "तुझ्याकडे समुद्र मासा दारात आणून देतो. तू नुसता पोस्टमनची वाट बघितल्यासारखा उभा असतोस." झालं. दुसऱ्या दिवशी तू, तिकीट परवाचं असताना, नवी दिल्ली स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसलास. मी क्षिप्राकडून डबा पाठवला तर तो तू परत पाठवलास. त्यात तळलेला रोहू होता, हे माझं चुकलं असेल. पण उपाशी बसायचं काय कारण होतं?

तेव्हापासून आजतागायत ह्यांनी तुझं नाव काढलेलं नाही. घरात एसटीडी आहे, कोकण रेल्वे सुरू झाली आहे, तुमच्यामधलं अंतर सरकारने कमी करायचं तेवढं केलं. तुम्ही दोघं ढिम्म. आणि मग या वर्षीच्या उन्हाळ्यापासून ह्यांनी एक नवीनच चाळा सुरू केला. सान्यालबाबू सांगून थकले की मासा पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला लागतो; हे भलत्याच वेळी निघायचे. कधी भर दुपारी लू चालू असताना, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. कधी सकाळी नऊला, तर दुसऱ्या दिवशी पावणेदहाला. कधी सान्यालबाबू पहाटे बोलवायला यायचे तर हे म्हणायचे आज वेळ झाली नाही. बरं, जाताना ती बारीक दोरी, लाल-पांढरं बूच, सगळं घरी ठेवून जायचे आणि मांडवीची जुनी जाड दोरी नि शिसं पिशवीत टाकायचे. त्या शिशाने पिठाची गोळी तळाच्या गाळात जाऊन बसते, तिला कोण विचारतो? सान्यालबाबूंनी एक दिवस माझ्यासमोर हात जोडले आणि बंगाली हिंदीत म्हणाले, भाभीजी, जो माणूस शिकून विसरतो त्याला मी शिकवू शकत नाही.

क्षिप्राचं मत पडलं की बाबांचं डोकं चाललेलं नाही. ती म्हणाली, आई, ये बिल्कुल नॉर्मल नहीं है हं, तू डिनायलमध्ये आहेस. तिच्या ऑफिसात हल्ली असे शब्द फार मिळतात. तिने त्यांना एका नव्या चकचकीत इस्पितळात नेलं, मीही गेले. डॉक्टर पोरसवदा होता. त्याने ह्यांना विचारलं, अंकल, आज कौन सी तारीख है? हे शांतपणे म्हणाले, तारीख का पता नहीं, आज अष्टमी है, पानी छह बजे भरेगा. डॉक्टरने क्षिप्राकडे बघितलं, क्षिप्राने माझ्याकडे बघितलं, आणि डोक्याचा फोटो काढायचं ठरलं. मी एकटीच होते तिथे जिला हसू आवरत नव्हतं, कारण मला उलगडा झाला होता. तिथीची पाऊणपट! अष्टमीची पाऊणपट सहा. लहानपणी तूच मला शिकवलं होतंस, की तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची वेळ निघते. हे इतके दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ओखल्याला जात होते. जिथलं पाणी चंद्राचं ऐकत नाही, बॅराजच्या दरवाजांचं ऐकतं, तिथे. दादा, उलगडा झाला म्हणून माझा वैताग कमी झाला असं समजू नकोस. उलट वाढला. म्हटलं, वेड लागलं नाही हे ठीक, पण मग हा हट्ट कसला? तू इथे हसलास की भरती कधी येते म्हणून, तर हे भरती आणूनच दाखवणार होते की काय?

फोटोत काही निघालं नाही. तरी क्षिप्राने ह्यांना एकट्याने जायची बंदी केली, म्हणून मग मी बरोबर जायला लागले. भाद्रपद अर्धा सरला होता. वद्य चतुर्थी होती, म्हणजे तीनची वेळ. बॅराजच्या वरच्या अंगाला जलपर्णी माजलेली, त्यात मधेच उघडं पाणी, नाकाला रुमाल लावावा असा वास. पलीकडे नवीन पुलाचे खांब उभे राहत होते. मी खुर्चीवर बसले, मांडीवर डबा. हो, तोच, मुकुटाचा. हे उभे. दोरी हातात, शिसं लोंबतंय, पण टाकत नाहीत. घड्याळात बघतात आणि उभे राहतात. मला एकदम ते जुनं ऊन डोक्यावर आल्यासारखं झालं. मी चिडून म्हटलं, टाका ना एकदाची, कोणाची वाट बघताय? हे पाण्याकडे बघत म्हणाले, "थांब गं. बाळ आत्ता पायऱ्या उतरत असेल."

आणि मग जरा वेळाने टाकली.

त्यांना मासा नकोच होता, दादा. त्यांना गोडं पाणी, खारं पाणी, सगळं नीट कळतं. जी वेळ तुझी असते तीच त्यांना हवी होती. त्या संध्याकाळी मी घरी येऊन अरुणावहिनीला फोन लावला. तिने जे सांगितलं ते तू तिला विचारू नकोस, तिच्यावर रागावूही नकोस. ती म्हणाली, आमचे हे रोज भरतीला धक्क्यावर जातात आणि कोरडी दोरी घेऊन परत येतात. विचारलं तर म्हणतात ट्रॉलरवाल्यांनी समुद्रात काही ठेवलं नाही, टाकून उपयोग काय. ट्रॉलरवाल्यांचं मला माहीत नाही. पण दोरी कोरडी का, ते मला माहीत आहे, कारण ती दुपार मी डबा धरून बघितली आहे. म्हणजे बघ, एक इथे तू आला आहेस असं समजून टाकतो, आणि दुसरा तिथे तो आला नाही म्हणून टाकत नाही. आणि ह्या दोन शहाण्यांना एक पोस्टकार्ड लिहिता येत नाही. यावर सिस्टर ॲग्नेससुद्धा काय म्हणाल्या असत्या, मला कळत नाही.

आता मुद्दा. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी ह्यांच्या हातातून चहाचा कप पडला. मी ओरडले, कारण तो नवीन सेटातला होता. मग बघितलं तर ह्यांना तो उचलता येत नव्हता. उजवी बाजू गेली. आता बोलतात, सावकाश, शब्द जड येतात पण कळतात. पाय थोडा हलतो. हात नाही. मी तेव्हाच तुला कळवणार होते, पण ह्यांनी बजावलं की बाळला कीव येऊन यायचं असेल तर येऊ नको म्हणावं. मी ऐकलं, कारण आजाऱ्याशी वाद घालायला मला सिस्टरनी शिकवलं नाही. आज मात्र दुपारी ह्यांनी बाल्कनीत खुर्ची टाकायला सांगितली. तिथून काय दिसतं, तर समोरच्या टॉवरवर वाळत घातलेली धुणी. तीन वाजले तशी ह्यांनी डाव्या हाताने पिशवी मागितली आणि सगळं सामान एकेक बाहेर काढून कोणाला काय द्यायचं ते सांगायला लागले. जड शब्दांत, पण ठाम आवाजात, जणू बदलीची ऑर्डर आली आहे. तेव्हा माझा संयम संपला आणि मी आत येऊन हे पत्र लिहायला बसले. ते अजून बाहेरच आहेत.

तर ऐक. लांब काठी, रीळ, बारीक दोऱ्या, नखाएवढे गळ आणि चाऱ्याचे मसाले सान्यालबाबूंना द्यायचे आहेत. ते रडतील, पण घेतील. घडीची खुर्ची खाली गेटवरच्या चौकीदाराला, तो बिचारा विटा रचून बसतो. भिंतीवरचं कॅलेंडर क्षिप्राने मागितलं आहे, हो, क्षिप्रानेच. परवा ती बाबांपाशी बसून पाऊणपट शिकत होती आणि मराठीत पाऊण म्हणजे नक्की किती हे मला विचारायला स्वयंपाकघरात आली. मुकुटाचा डबा माझा, तो मी कोणालाही देणार नाही. राहिली मांडवीची जाड दोरी आणि शिसं. ती तुझी. हे म्हणाले, बाळकडे पाठवून दे. मी पाठवणार नाही. पोस्टाने नाही, कुरियरने नाही, इथून रत्नागिरीला जाणाऱ्या कोणाच्या पिशवीतून नाही. ती तुला ह्यांच्या डाव्या हातातून घ्यावी लागेल. रत्नागिरीला गाडीत बसलास की थेट निझामुद्दीनला उतरशील. सान्यालबाबू त्यांची मारुती घेऊन येतील, त्यांना तुझा राग नाही. कोणती तिथी आहे ते बघत बसू नकोस. फक्त एवढं लक्षात ठेव, की त्या दुपारी तू पाणी उतरेपर्यंत त्याच्यासाठी थांबला होतास. आता तो थांबला आहे, आणि पाणी अजून उतरायला लागलेलं नाही. तेव्हा आधी ये. कीव घेऊन येऊ नकोस, भांडण घेऊन आलास तरी चालेल. दोरी कुठे टाकायची ते तुम्ही दोघं बघा. डबा मी धरते.

तुझीच ताटकळलेली,
भानू